निवडणूक लागायच्या आधी गल्ली कशी सांभाळायची

भडकाऊ भाषण ही शेवटची पायरी असते. त्याच्या आधी बारीकसारीक कामं उरकलेली असतात. कुणीतरी स्टेटस ठेवलेलं असतं, चौकात बॅनर लागलेला असतो, मिरवणूक नेमकी कुणाच्या दारासमोर थांबवायची ते ठरलेलं असतं, अमक्याच्या दुकानातून माल घेऊ नका असा मेसेज फिरून आलेला असतो. ही कामं करणारी पोरं आपल्याच वयाची, बऱ्याचदा आपल्याच ओळखीची असतात. म्हणून ती रोखायचं कामही आपल्याच अंगावर आहे. लोकसभा दिल्लीत भरते, पण मतं गल्लीतच फोडली जातात.

मी मिरजेत सेवा केंद्र चालवतो. दाखले, झेरॉक्स, नोकरीचे अर्ज, मतदार नोंदणी. दिवसभर सगळ्या जातीधर्मांची माणसं काउंटरसमोर उभी असतात, त्यामुळे कुठल्या भागात काय शिजतंय ते लवकर कळतं. २००९ च्या गणपतीत स्वागत कमानीवरच्या अफजलखान वधाच्या चित्रावरून इथे दंगल झाली तेव्हा मी शाळेत होतो. दंगल सांगली आणि इचलकरंजीपर्यंत गेली, संचारबंदी लागली, विसर्जन रखडलं. १३ ऑक्टोबरला विधानसभेचं मतदान होतं. ज्या पोरांवर गुन्हे दाखल झाले ती पुढे वर्षानुवर्षं कोर्टाच्या तारखांना गेली. चारित्र्य पडताळणीचा अर्ज भरताना 'गुन्हा दाखल आहे का' या रकान्यापाशी माणूस कसा थांबतो, ते मी काउंटरवरून बघतो. ज्यांच्यासाठी ती पोरं रस्त्यावर उतरली त्यांच्यापैकी कुणी हा रकाना भरायला येत नाही.

याच गावात ख्वाजा मीरासाहेबांच्या उरुसात पहिला मानाचा गलेफ (चादर) चर्मकार समाजाचा असतो. इथल्या मुसलमान कारागिरांनी बनवलेले तानपुरे देशभरातल्या मैफलींत वाजतात. हे टिकवायला मेहनत लागते. ती कशी करायची, ते सांगतो.

आधी पलीकडचे नंबर

प्रत्येक गावात 'पलीकडे' म्हणतात अशी एक जागा असते. रस्त्याच्या पलीकडे, ओढ्याच्या पलीकडे, वेशीच्या पलीकडे. तिथल्या पाच-सहा जणांचे नंबर तुमच्याकडे हवेत आणि तुमचा त्यांच्याकडे. रात्री साडेअकराला फोन केला तर 'बोल रे' म्हणून उचलतील असे. बाकी सगळं या एका गोष्टीवर उभं आहे. अफवा येते तेव्हा खरं-खोटं करायला दहा मिनिटं मिळतात. त्या दहा मिनिटांत नवी ओळख करून घेता येत नाही.

ही ओळख स्टेजवर होत नाही. पाच धर्मांचे पाच प्रतिष्ठित बसवून हार घालायचे कार्यक्रम मला पटत नाहीत. त्यातून फोटो मिळतो, एवढंच. ओळख एकत्र काम केल्याने होते. रक्तदान शिबिर दोन मंडळांनी मिळून घ्या. टेनिस बॉलच्या स्पर्धेत गल्लीवार संघ न करता चिठ्ठ्या टाकून संघ पाडा. शिष्यवृत्तीचे अर्ज भरायचं शिबिर एकदा देवळाच्या सभामंडपात आणि एकदा मदरशाच्या आवारात लावा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी सांगलीत शिरलं, तेव्हा बोटीत कोण कुणाला हात देतोय हे कुणी विचारलं नाही. त्या पुरात जोडलेले नंबर आजही चालू आहेत.

हे आधी करून बघितलेलं आहे. भिवंडीत १९७० आणि १९८४ ला मोठ्या दंगली झाल्या होत्या. त्यानंतर तिथे पोलीस उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे यांनी वस्तीवस्तीत हिंदू-मुसलमानांच्या मोहल्ला समित्या उभ्या केल्या. काही घडलेलं नसतानाही त्यांच्या बैठका होत, आणि त्यातच सगळं आलं. १९९२-९३ मध्ये शेजारची मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. पुढे मुंबईतही माजी पोलीस आयुक्त ज्युलिओ रिबेरो, तेव्हाचे पोलीस आयुक्त सतीश साहनी, कार्यकर्त्या सुशोभा बर्वे यांच्या पुढाकाराने अशा समित्या झाल्या आणि वस्त्यांतल्या पोरांचे क्रिकेटचे सामनेही सुरू झाले.

तुमच्या गटात मुली असल्याच पाहिजेत, आणि चहापुरत्या नाही. बहुतेक अफवांत शेवटी 'आपल्या पोरीं'चं नाव येतं आणि त्या पोरींना कुणीच काही विचारत नाही. आमच्याकडे एकदा कॉलेजच्या मुलीबद्दल असाच मेसेज सुटला होता. तिच्या वर्गातल्या दोघी मुलींनी 'ती आत्ता आमच्या शेजारी बसून जर्नल लिहितेय' असं ग्रुपवर सांगितलं आणि विषय तिथेच थांबला. आम्ही मुलं कितीही बोललो असतो तरी ते जमलं नसतं.

व्हिडिओ आला की

२०२४ च्या पावसाळ्यात एक पोरगा दुकानात आला. हातात मोबाइल, चेहरा लाल.

"दादा, हे बघ. काल रात्रीचं. आपल्या इथलं."

जमाव एका घरात घुसतोय, आरडाओरडा, धूर. मी त्याला म्हटलं, "आवाज बंद कर आणि परत लाव. माणसांकडे बघू नको, मागे बघ." मागे हिरव्या, जाळीच्या दारांच्या रिक्षा उभ्या होत्या. दुकानाच्या पाटीवर बंगाली अक्षरं. तो स्वतःच म्हणाला, "हे आपलं नाही." व्हिडिओ बांगलादेशातला होता. तिथे जे झालं त्याचं दुःख वेगळं आणि खरं, पण आमच्या चौकाशी त्याचा काही संबंध नव्हता.

हीच पद्धत वापरा. आधी आवाज बंद करा, कारण राग आवाजातून चढतो. मग गाड्यांच्या नंबरप्लेट बघा. सांगलीची एमएच १०, कोल्हापूरची एमएच ०९, बाकी राज्यांची अक्षरं वेगळी. एसटीचा रंग, पोलिसांचा गणवेश, दुकानांच्या पाट्यांची लिपी, शाळेच्या पोरांचे कपडे, झाडं, पाऊस पडतोय की ऊन आहे ते बघा. आपल्याकडे धो धो पाऊस चालू असताना 'आत्ताच्या' व्हिडिओत धूळ उडत असेल तर तो आत्ताचा नाही. मग आवाज लावून बोली ऐका. शेवटी दोन-तीन ठिकाणी व्हिडिओ थांबवून स्क्रीनशॉट घ्या आणि गुगल लेन्सवर टाका. जुना व्हिडिओ असेल तर बऱ्याचदा मूळ बातमी सापडते. मेसेजवर दोन बाणांची खूण आणि 'अनेकदा फॉरवर्ड केलेला' असं दिसत असेल तर तो पाठवणाऱ्याने स्वतः बघितलेला प्रसंग नाही, हे नक्की.

१ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात, आठवडे बाजाराच्या दिवशी, नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने मारून टाकलं. ती माणसं आमच्या बाजूची, मंगळवेढ्याकडची, भिक्षुकीवर पोट भरणारी. त्या दिवसांत देशभर मुलं पळवण्याचा जो व्हिडिओ फिरत होता तो कराचीतल्या मुलांच्या सुरक्षेच्या जाहिरातीचा होता. मोटरसायकलवाले मूल उचलतात आणि लगेच परत आणून सोडतात, हातात फलक असतो. तो शेवटचा भाग कुणीतरी कापला होता. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एका वेळी पाचच जणांना फॉरवर्ड करायची मर्यादा घातली. नव्या पोरांना मी व्हिडिओ तपासायला शिकवतो तेव्हा हा प्रसंग पूर्ण सांगतो, कारण तिथे नुसती नंबरप्लेट बघण्याइतकी सवड कुणी घेतली असती तरी पाच घरं वाचली असती.

खोटं आहे हे कळल्यावर ग्रुपवर त्या माणसाला उघडं पाडू नका. चारचौघांत पडतं घ्यायला कुणालाच आवडत नाही, मग तो हट्टाला पेटतो. त्याला फोन करा आणि त्यालाच खुलासा टाकायला सांगा. खुलासा दोन-तीन ओळींचा, नावानिशी आणि वेळेसह हवा. असा:

"दर्ग्याजवळ रात्री मूर्ती फोडली असा मेसेज फिरतोय. मी आत्ता सकाळी ७ वाजता तिथेच उभा आहे. दुकानं उघडी आहेत, दूधवाले आले आहेत, काहीही झालेलं नाही. शंका असेल तर मला फोन करा." खाली पूर्ण नाव, मंडळाचं नाव.

मूळ व्हिडिओ त्या खुलाशाबरोबर परत टाकायचा नाही. निषेध म्हणूनही नाही.

कधी कधी घटना खरी असते, आणि खरी कसोटी तिथेच लागते. दगड खरंच पडलेला असतो, मार खरंच बसलेला असतो. अशा वेळी 'काही झालं नाही' म्हणालात तर पुढच्या वेळी तुमचं कुणी ऐकणार नाही. झालं तेवढं सांगा, गुन्हा नोंदला का ते सांगा, जखमी कसा आहे ते सांगा. एप्रिल २०२० मध्ये पालघरजवळ गडचिंचलेत दोन साधू आणि त्यांच्या ड्रायव्हरला जमावाने मारलं. ती हत्या खरी होती. तिला दिलेला धर्माचा रंग खोटा होता. शेवटी तेव्हाच्या गृहमंत्र्यांना अटक केलेल्या १०१ जणांची यादी जाहीर करून त्यात एकही मुसलमान नाही असं सांगावं लागलं. घटना आणि रंग या दोन गोष्टी सुट्या करून बोलायला शिका.

ग्रुपचा अ‍ॅडमिन

बरीच पोरं अ‍ॅडमिन व्हायला घाबरतात, दुसऱ्याच्या पोस्टसाठी आपल्यावर केस होईल म्हणून. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये स्पष्ट केलं आहे की दुसऱ्याने टाकलेल्या मजकुराबद्दल, त्यात अ‍ॅडमिनचा हात नसेल तर, त्याला दोषी धरता येत नाही. म्हणून गावच्या, मंडळाच्या, दहावीच्या बॅचच्या ग्रुपवर समंजस माणूस अ‍ॅडमिन असू द्या, आणि शक्यतो दोन वेगळ्या समाजांचे दोघं. वातावरण तापलं की रात्रीपुरता 'फक्त अ‍ॅडमिन मेसेज पाठवू शकतात' हा पर्याय चालू करा. घातक मेसेज अ‍ॅडमिनला सगळ्यांसाठी पुसताही येतो. मात्र पुसण्याआधी तारीख-वेळ आणि नंबर दिसेल असा स्क्रीनशॉट घेऊन ठेवा.

मिरवणूक आणि शांतता समिती

सणाच्या आधी पोलीस ठाण्यात शांतता समितीची बैठक होते. तिथे वर्षानुवर्षं तेच माजी नगरसेवक आणि तेच अध्यक्ष बसतात. नाचणारी पोरं बाहेर, शांतता राखायचं वचन देणारे आत. हे उलटं करा. मंडळाच्या लेटरहेडवर पोलीस निरीक्षकांना अर्ज द्या की आमच्या मंडळाकडून पंचविशीतले दोन प्रतिनिधी बैठकीला येतील. आम्ही दिला तेव्हा कुणी अडवलं नाही.

बैठकीत मोघम बोलू नका. मिरवणूक किती वाजता कुठल्या चौकात असेल, मशिदीपाशी वाजप किती अंतर आधी थांबेल आणि किती पुढे गेल्यावर सुरू होईल, कुठली गाणी लागणार नाहीत, दोरी धरायला दोन्हीकडचे कोण कोण असतील, हे नावासकट लिहून घ्या. कमानीवरचं चित्र छापायला देण्याआधी पलीकडच्या दोस्ताला दाखवा. परवानगी मागायला म्हणून नाही. तो दुखावणार असेल तर ते आधी कळावं, म्हणून.

सांगली जिल्ह्यातल्या गोटखिंडीत १९८० पासून मशिदीत गणपती बसतो. पावसात मूर्ती भिजू नये म्हणून मुसलमानांनीच ती आत घ्यायला सांगितली, अशी तिथली हकीकत आहे. २०२३ मध्ये अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकाच दिवशी, २८ सप्टेंबरला आली, तेव्हा मुंबईसह बऱ्याच गावांत मुसलमानांनी जुलूस दुसऱ्या दिवशी काढला. २०२४ मध्ये ईद विसर्जनाच्या आदल्या दिवशी आली, तेव्हाही जुलूस पुढे गेला, आणि मुंबईतली ईदची सुट्टीही १६ वरून १८ सप्टेंबरला गेली. हे मोठं मन आहे. पण दर वेळी त्यांनीच सरकायचं, हे बरोबर नाही. आपलं मंडळ या वर्षी काय सोडणार आहे ते आधी ठरवून सांगा. वेळ सोडा, एखादा मार्ग सोडा, दोन बेस कमी करा.

बहिष्काराचा मेसेज

हे आता धर्मापुरतं राहिलेलं नाही. २०२३ नंतर आरक्षणाच्या वादात मराठवाड्यात गावागावांत मराठा आणि ओबीसी अशी रेघ पडली, आणि २०२४ च्या लोकसभेला ती मतांतही दिसली. जातीची फूट मला जास्त अवघड वाटते, कारण ती एकाच मंडळात, एकाच बाकावर बसलेल्या दोघांत पडते. दोघांची मागणी आपापल्या जागी खरी असते. शेतीत भागत नाही, नोकऱ्या निघत नाहीत, क्लासची फी परवडत नाही. माझ्याकडे दोघंही त्याच भरतीचे अर्ज भरायला येतात. किती जागा निघाल्या, किती रिकाम्या ठेवल्या, निकाल किती लांबला, हे आकडे दोघांनी मिळून माहिती अधिकारात मागवा. एका अर्जावर दोघांचा पत्ता घातलेला चालत नसेल तर दोन अर्ज करा, पण मसुदा एकत्र बसून लिहा. त्या बैठकीत भांडणाची दिशा बदलते, हे मी बघितलं आहे.

'अमक्यांच्या दुकानात जाऊ नका' असा मेसेज आला तर उत्तर मोबाइलवर देऊ नका. बाजाराच्या दिवशी, गर्दीच्या वेळी, दहा-पंधरा जण मिळून त्याच दुकानात जा आणि लागणारा माल घ्या. उधारी न करता घ्या. दुकानदाराला भाषण ऐकवू नका.

गाव असेल तर ग्रामसभेवर लक्ष ठेवा. २०२५ च्या फेब्रुवारीत पाथर्डी तालुक्यातल्या मढीच्या ग्रामसभेत कानिफनाथांच्या यात्रेत मुसलमान व्यापाऱ्यांना बंदी घालायचा ठराव झाला आणि गटविकास अधिकाऱ्यांनी तो बेकायदा ठरवला. ग्रामसभेला एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० मतदार, यातली कमी असेल तेवढी हजेरी लागते. असा विषय येणार असं कळलं तर तुमची माणसं घेऊन हजर राहा, विरोध इतिवृत्तात नोंदवायला लावा, आणि त्याच आठवड्यात गटविकास अधिकाऱ्यांकडे लेखी हरकत देऊन पोच घ्या.

आचारसंहिता लागल्यावर

धर्म, वंश, जात, समाज, भाषा यांच्या नावावर मत मागणं हा लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३(३) प्रमाणे निवडणुकीतलं भ्रष्ट आचरण धरलं जातं. समाजासमाजांत वैर पेटवलं तर कलम १२५ खाली तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. भारतीय न्याय संहितेचं कलम १९६ वेगळं आहेच, ते निवडणूक नसतानाही लागू होतं. प्रार्थनास्थळाचा प्रचारासाठी वापर आचारसंहितेत बसत नाही, मग ते कुणाचंही असो.

या कलमांवरचे दोन मोठे निकाल मुंबईतल्याच निवडणुकांतून निघाले. विलेपार्ल्याच्या १९८७ च्या पोटनिवडणुकीतल्या भाषणांमुळे विजयी उमेदवार डॉ. रमेश प्रभू यांची निवड रद्द झाली, सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये ती रद्दच ठेवली, आणि पुढे ती भाषणं करणारे बाळासाहेब ठाकरे यांचा मताधिकार सहा वर्षांसाठी गेला. सांताक्रूझच्या १९९० च्या निवडणुकीतून निघालेल्या अभिराम सिंह प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठाने २ जानेवारी २०१७ ला चार विरुद्ध तीन अशा बहुमताने सांगितलं की उमेदवाराचाच नाही, मतदाराचाही धर्म-जात पुढे करून मत मागता येत नाही. निवडणूक याचिका निकालानंतर ४५ दिवसांत उच्च न्यायालयात करावी लागते आणि ती साध्या मतदारालाही करता येते.

म्हणून पुरावा नीट ठेवा. सभेत चित्रीकरण करताना सुरुवातीला बॅनर, व्यासपीठ आणि गर्दी घ्या, मग भाषण अखंड घ्या. कापाकापी करू नका. मूळ फाइल ज्या मोबाइलवर काढली त्यावरच राहू द्या आणि तो मोबाइल विकू नका, फॉरमॅट करू नका. दुसऱ्याला द्यायची तर पेनड्राइव्हवर द्या किंवा डॉक्युमेंट म्हणून पाठवा. साध्या पद्धतीने व्हॉट्सअ‍ॅपवर टाकली की फाइल दबते आणि कोर्टात शंका काढायला जागा मिळते.

आचारसंहितेच्या काळात निवडणूक आयोगाच्या सी-व्हिजिल अ‍ॅपवर तिथल्या तिथे फोटो किंवा दोन मिनिटांपर्यंतचा व्हिडिओ टाकता येतो, नाव न देताही. तक्रार १०० मिनिटांत मार्गी लावायची असं त्याचं बंधन आहे. गॅलरीतला जुना फोटो तिथे चालत नाही, घटनास्थळीच उघडावं लागतं. पोलिसांनी तक्रार घेतली नाही तर तीच लेखी तक्रार स्पीड पोस्टाने पोलीस अधीक्षकांना पाठवा आणि पावती जपा. तुमचा आवडता पक्ष बोलला तरी तक्रार करायची, हे गटात पहिल्याच दिवशी ठरवून घ्या. आमच्या गटात सगळ्या पक्षांची पोरं आहेत आणि हा नियम सगळ्यांनी मान्य केलाय, त्यामुळे कुणाला कुणाचा संशय येत नाही.

यादी आणि मतमोजणी

मतदार यादी निवडणूक जाहीर व्हायच्या कितीतरी आधी तपासा. नाव घालायला नमुना ६, दुसऱ्याच्या नावावर हरकत घ्यायला नमुना ७, दुरुस्तीला नमुना ८. वर्षातून चार तारखा आहेत, १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर. यांपैकी ज्या तारखेला अठरा पूर्ण होतात त्यासाठी आधीच अर्ज करता येतो. एखाद्या वस्तीतली बरीच नावं एकदम नमुना ७ ने वगळायला निघाली तर बीएलओकडे (मतदान केंद्रस्तरीय अधिकारी) आणि तहसील कार्यालयात लगेच लेखी विचारणा करा. पलीकडच्या गल्लीची यादी तुम्ही तपासा, तुमची त्यांना तपासू द्या.

मतमोजणीच्या दिवशी सकाळपासून गटातले चौघं मोकळे ठेवा, दोन अलीकडचे, दोन पलीकडचे. विजयी मिरवणुकीचा मार्ग आदल्या दिवशी दोन्ही बाजूंच्या कार्यकर्त्यांकडून काढून घ्या. मिरवणूक हरलेल्या उमेदवाराच्या घरासमोरून किंवा त्याला मत दिलं असं धरलं जातं त्या वस्तीतून जाणार असेल, तर जिंकलेल्या बाजूच्या तुमच्या मित्राने पुढे चालायचं, ट्रॅक्टरच्या ड्रायव्हरशेजारी बसायचं आणि गाडी तिथे थांबू द्यायची नाही. संध्याकाळी सात ते अकरा फोन चार्ज करून जवळ ठेवा. त्या वेळात येणाऱ्या प्रत्येक मेसेजला 'कुठे, कधी, तू स्वतः बघितलंस का' हे तीन प्रश्न विचारा आणि उत्तर आल्याशिवाय पुढे पाठवू नका.